विंटेज फझ आणि ट्यूब अ‍ॅम्प : कोणाची जोडी कोणाशी जमते? (सोलापूरचा उन्हाळा धरून)

सहातारा
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात सरावाची खोली आहे, एसी नाही, वर स्लॅब. अ‍ॅम्प तीन (कंसात त्यांच्या पॉवर ट्यूब): फेंडरच्या ब्लॅकफेस डिलक्स रिव्हर्बच्या सर्किटवरचा २२ वॉट (दोन ६व्ही६), व्हॉक्स एसी१५ धाटणीचा (दोन ईएल८४) आणि मार्शल प्लेक्सी धाटणीचा ५० वॉट (दोन ईएल३४). फझ पेडलही (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारे) तीन: एसी१२८ ट्रान्झिस्टरच्या जोडीवरचा जर्मेनियम फझ फेस, बीसी१०८ ट्रान्झिस्टरवरचा सिलिकॉन फझ फेस आणि बिग मफ. गिटार सिंगल कॉइलची (एकेरी गुंडाळीच्या पिकअपची).
नऊ जोड्या होतात, पण मनासारख्या वाजतात दोनच. डिलक्सवर मफ लावला की बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही. ईएल८४ वर सिलिकॉन फझ सुईसारखा टोचतो. आणि जर्मेनियम पहाटे गोड वाजतो, दुपारी चारला तुटक-तुटक फाटतो. कोणता फझ कोणत्या अ‍ॅम्पला लावावा, आणि का? "कानाला बरं वाटेल ते" हे उत्तर नको, कारण हवंय.

विजापूरवेस
जर्मेनियम प्लेक्सीला, सिलिकॉन डिलक्सला, मफ ईएल८४ ला. सुरुवात इथून करा.

मधलापट्टा
विजापूरवेस यांनी दिलेल्या जोड्या बरोबर आहेत, कारण मी मांडतो. मफचं.
बिग मफच्या टोन सर्किटला दोन फाटे आहेत. एक ३९ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा, तो साधारण ४०० हर्ट्झच्या वरचं कापतो. दुसरा ०.००४ मायक्रोफॅरड आणि २२ किलोओहमचा, तो साधारण १८०० हर्ट्झच्या खालचं कापतो. टोनचा नॉब मध्यावर ठेवला की या दोघांच्या मधे १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. आता ब्लॅकफेसचा, म्हणजे डिलक्सचा, टोन स्टॅक (ट्रेबल-बेसच्या नॉबचं सर्किट) बघा. त्याचा स्वतःचा खड्डा ४००-५०० हर्ट्झच्या भागात. दोन खड्डे शेजारी-शेजारी आले की गिटारचा जो पट्टा गाण्यात ऐकू यायला हवा तोच गायब. खाली बेस गिटार आणि किक ड्रम, वर झांजा, मधे तुम्ही होतात ते संपलात.
डिलक्स रिव्हर्बला मिडचा नॉबच नाही, त्या जागी ६.८ किलोओहमचा ठरलेला रेझिस्टर आहे. म्हणून मिड वाढवायचा म्हणजे बाकीचं उतरवायचं: ट्रेबल २, बेस २, आणि कमी झालेला आवाज व्हॉल्यूमने भरून काढायचा. हा स्टॅक पॅसिव्ह आहे, तो वाढवत काहीच नाही, फक्त कापतो. दोन्ही नॉब ६-७ वर ठेवून "मिड नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

खरज
मधलापट्टा, तरी ट्रेबल २ वर मफ गोधडी पांघरल्यासारखा वाजतो. मफमध्येच बदल केलेला चांगला. ते ०.००४ काढून तिथे ०.०१ मायक्रोफॅरड घाला. वरचा फाटा १८०० वरून ७२० हर्ट्झच्या आसपास उतरतो, खड्डा जवळपास बुजतो. एकच कपॅसिटर, दोन डाग. ज्यांना मूळ आवाजही हवाय त्यांनी छोटा टॉगल लावून दोन्ही ठेवावेत.

मधलापट्टा
हे मान्य. पण मग तो ईएल८४ वर जरा जाड वाजेल, तिथे मूळ खड्डाच उपयोगी पडतो. म्हणून टॉगलचं पक्कं करा.

शेंगाचटणी
ईएल८४ वर सिलिकॉन टोचतो त्यावर: गिटार टॉप बूस्ट चॅनेलमध्ये लावताय का? नॉर्मलमध्ये लावा. आणि "कट"चा नॉब उलट्या बाजूने चालतो हे लक्षात घ्या. तो वाढवला की ट्रेबल कमी होतो. पुष्कळ जण तो शून्यावर ठेवून कर्कश आवाजाची तक्रार करतात. अर्ध्यावर आणा, मग ऐका.

लालकॅथोड
शेंगाचटणी यांच्या बोलण्यात भर घालतो, कारण ईएल८४ चा मुद्दा ट्रेबलपुरता नाही.
एसी१५ धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब कॅथोड बायसवर असतात (बायस म्हणजे सिग्नल नसतानाचा ठरलेला करंट) आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) नसतो. फीडबॅक नाही म्हणजे अ‍ॅम्प वरच्या स्वरांना मोकळं सोडतो आणि फझने आधीच चौकोनी केलेल्या लाटेचे कोपरे जसेच्या तसे स्पीकरपर्यंत जातात. हेच ते टोचणं. दुसरी गोष्ट, फझची लाट थांबत नाही. साध्या गिटारचा स्वर छेडल्यावर उतरत जातो, फझचा तेवढ्याच उंचीवर टिकून राहतो. त्यामुळे कॅथोडवरचा व्होल्टेज चढतो, ट्यूब थंड बायसवर जाते आणि आवाज आधी दबतो, मग त्यात क्रॉसओव्हरची खरखर येते. म्हणून ईएल८४ वर फझ लावताना अ‍ॅम्प पूर्ण उघडू नका. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम असा ठेवा की फझ बंद असताना जोरात छेडलं तरच जरासं फुटेल. फझ लावल्यावर ट्यूब आधीच ताणलेल्या असतील तर त्या अजून काही देणार नाहीत, फक्त दबतील.
ब्लॅकफेसला आणि प्लेक्सीला फिक्स्ड बायस आहे, फीडबॅकही आहे. तिथे हा त्रास खूप कमी.

सहातारा
लालकॅथोड, हे फारच नेमकं सांगितलंत. टॉप बूस्टमध्येच लावत होतो. नॉर्मल, कट ५, व्हॉल्यूम १२ वरून १० वर आणला, टोचणं गेलं. आता जर्मेनियमचं सांगा कोणीतरी.

साडेचारव्होल्ट
सहातारा, आधी आकडा द्या. पेडलचं झाकण उघडा, मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एसी१२८ पीएनपी आहे, सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचं, म्हणून मीटर उणे आकडा दाखवेल, त्याची काळजी नको. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी चारला मोजा, खोलीचं तापमानही लिहा. बोटाने ट्रान्झिस्टरला हात लावू नका, बोटाच्या उबेनेही आकडा हलतो.

विजापूरवेस
तोवर विषय निघालाय म्हणून: या पॉझिटिव्ह ग्राउंडच्या पेडलला बाकीच्यांबरोबर एकाच अडॉप्टरच्या साखळीत कधीही जोडू नका.

खरज
का बरं? एकाच अडॉप्टरवर पाच-सहा पेडलं सर्रास चालतात की ओ.

डागवाला
निगेटिव्ह ग्राउंडची चालतात. पॉझिटिव्ह ग्राउंडच्या पेडलमध्ये जॅकचं कवच अडॉप्टरच्या धन टोकाला जोडलेलं असतं, शेजारच्या पेडलमध्ये ऋण टोकाला. दोन्ही पेडल पॅच कॉर्डने जोडली की कॉर्डच्या शील्डमधून अडॉप्टरचं धन आणि ऋण थेट भेटतात. शॉर्ट. बरं असेल तर अडॉप्टर बंद पडेल, नाहीतर जळेल. अशा पेडलला ९ व्होल्टची वेगळी बॅटरी, किंवा प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड असलेला सप्लाय. फझ फेस एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी खातो, एक बॅटरी कित्येक महिने जाते. फक्त वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेवा, कारण बॅटरीचा स्विच त्या जॅकमध्येच असतो.

शेंगाचटणी
आणि बॅटरी साधी झिंक-कार्बन घ्या, अल्कलाइन नको. साध्या बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स जास्त, म्हणून आवाज मऊ.

साडेचारव्होल्ट
शेंगाचटणी, इथे हिशेब जुळत नाही. पेडलचा करंट ०.७ मिलिअँपिअर धरा. बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स ५० ओहम धरला तरी पडणारा व्होल्टेज ३५ मिलिव्होल्ट. तो कानाला कळणार नाही. कळतो तो बॅटरी उतरून ९ चे ८ झाल्याचा फरक, आणि तो कोणत्याही बॅटरीत सारखाच. तो मऊपणा हवा असेल तर सप्लायच्या तारेत १ किलोओहमचा पॉट घाला, व्होल्टेज हवा तेवढा उतरवता येईल. एवढ्या कमी करंटला १ किलोओहममध्ये पाऊण व्होल्टच्या आसपास पडतं, तेवढं पुरतं.

शेंगाचटणी
आकड्याला उत्तर नाही. मागे घेतो.

सहातारा
घ्या आकडे. पहाटे साडेपाच, खोलीत २९ अंश: उणे ६.३ व्होल्ट. दुपारी चार, खोलीत ४० अंश: उणे ७.७ व्होल्ट. बॅटरी ९.० ची.

साडेचारव्होल्ट
हेच तुमचं दुखणं. सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात जर्मेनियम वापरणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.
दुसऱ्या कलेक्टरवर ४.५ च्या आसपास हवेत, म्हणजे लाटेला वर-खाली सारखी जागा मिळते. तुमचे ७.७ आहेत. म्हणजे एका बाजूला सव्वा व्होल्टच जागा. हलका छेडला की स्वर उमटतच नाही, जोरात छेडला की फुटून उमटतो आणि उतरताना पटकन तुटतो. तुम्ही लिहिलेलं "तुटक-तुटक" ते हेच.
कारण गळती. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बेसला काही न देताही थोडा करंट वाहतो, आणि दर १० अंशाला तो साधारण दुप्पट होतो. आता फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ३३ किलोओहम आहे. ९ व्होल्टला त्यातून फार तर २७० मायक्रोअँपिअर जाऊ शकतात. गळतीनेच त्यातले २०० खाल्ले तर गिटारसाठी काय उरलं? मग सर्किट स्वतःला सावरायला जातं: १०० किलोओहमच्या फीडबॅकमधून पहिल्याच्या बेसला मिळणारा करंट कमी करतं, त्यासाठी दुसऱ्याच्या एमिटरचा व्होल्टेज खाली येतो, दुसऱ्यातला करंट घटतो, त्याच्या ८.२ किलोओहमवर कमी व्होल्ट पडतात आणि कलेक्टर सप्लायकडे सरकतो. तुमचे ६.३ चे ७.७ असे झाले.
सोलापूरचा फरक बघा. गड्ड्याच्या जत्रेत जानेवारीच्या रात्री १६ अंश, मे महिन्यात दुपारी ४२. २६ अंशांत गळती सहापट. थंडीत बसवलेला बायस उन्हाळ्यात टिकणारच नाही. हा पेडलचा दोष नव्हे, निवडीचा आहे.

खरज
म्हणजे ८.२ च्या जागी ट्रिमर लावला की झालं ना?

साडेचारव्होल्ट
गळती थोडी असेल तर झालं. इथे नाही. ७.७ वाचतोय म्हणजे त्या फांदीत ०.१५ मिलिअँपिअरच आहे. ४.५ वर आणायला एकूण ३० किलोओहम लागेल. आकडा येईल, पण मग पहाटे गार झाल्यावर तोच पेडल दुसऱ्या टोकाला आपटेल. आधी पहिला ट्रान्झिस्टर बदला, मग ट्रिमर. दुसऱ्याची गळती फीडबॅक बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पहिल्याची नाही. म्हणून जोडीतला कमी गळतीचा नेहमी पहिल्या जागी.

डागवाला
निवडायची पद्धत देतो, घरच्या घरी होते. स्वस्त मीटरमधला ट्रान्झिस्टर मोजायचा खाचा जर्मेनियमला वापरू नका, तो गळतीही गेनमध्येच (करंट किती पट वाढतो त्यात) मोजतो आणि गळका ट्रान्झिस्टर भारी गेनचा वाटतो.
ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, २.२ किलोओहम आणि २७० ओहम एकापुढे एक (मिळून २४७०), आणि एक २.२ मेगओहम. एसी१२८ साठी: एमिटर बॅटरीच्या धन टोकाला, कलेक्टर त्या २४७० मधून ऋण टोकाला, बेस मोकळा. २४७० वर किती व्होल्ट पडतात ते वाचा. त्याला २४७० ने भागलं की गळती. मग बेसला २.२ मेगओहममधून ऋण टोकाशी जोडा, पुन्हा वाचा. दोन्हींची वजाबाकी गुणिले १०० म्हणजे खरा गेन.
उदाहरण: बेस मोकळा असताना ०.२४ व्होल्ट, म्हणजे ९७ मायक्रोअँपिअर गळती. बेस जोडल्यावर १.०४. फरक ०.८०, गेन ८०.
ट्रान्झिस्टर बोर्डात बसवल्यावर दोन मिनिटं थांबा, चिमट्याने धरा. मोजणी पहाटे करू नका, दुपारी करा. जो ४० अंशाला चांगला, तो जानेवारीतही चालतो, उलटं होत नाही. पहिल्या जागी गेन ७० च्या आसपास, दुसऱ्या जागी १२० च्या आसपास, ही जुनी चालत आलेली जोडी. पहिल्याची गळती मात्र आपल्याकडे, दुपारच्या मोजणीत, ६०-७० मायक्रोअँपिअरच्या वर नको.
जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या बोर्डांवर एसी१२७, एसी१२८, एसी१८७, एसी१८८ भरपूर मिळतात. नवी पेठेतल्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे डबे भरून पडलेले असतात, विचारा. यातले १२७ आणि १८७ एनपीएन आहेत, त्यांच्यावर सर्किट केलं तर निगेटिव्ह ग्राउंड होतं आणि वरचा अडॉप्टरचा प्रश्नच मिटतो. डाग देताना पायाला चिमटा लावा, जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. जमलं तर सॉकेटच लावा, म्हणजे बदलताना पुन्हा डाग नको.

विजापूरवेस
वाचनखूण साठवली.

लालकॅथोड
उत्तम प्रतिसाद. एक मधला मार्गही आहे: पहिला सिलिकॉन, दुसरा जर्मेनियम. पहिल्या जागी बीसी५५७ए, दुसऱ्या जागी एसी१२८, दोघंही पीएनपी म्हणून जुळतात. सिलिकॉनची गळती नगण्य, त्यामुळे बायस उन्हाळ्यातही जागेवर राहतो. पण सिलिकॉनच्या बेस-एमिटरला ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे दुसऱ्यातला करंट वाढतो आणि ८.२ किलोओहम जास्त ठरतो. ट्रिमर बहुधा ५ ते ६ किलोओहमच्या आसपास येऊन ४.५ दाखवेल. आवाजाची कड थोडी तीक्ष्ण, पण गिटारचा व्हॉल्यूम उतरवल्यावर चांगला निवळतो. मे महिन्यात मोकळ्या मैदानावर वाजवायचं असेल तर हाच मार्ग मी सुचवेन.

मधलापट्टा
असहमत. निवळतो, पण अस्सल जर्मेनियमच्या जोडीइतका नाही. व्हॉल्यूम ७ वर आणल्यावर तो जो काचेसारखा स्वच्छ स्वर येतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

लालकॅथोड
तुलनेत उजवं कोण याबद्दल वाद नाही. भर उन्हात चालेल कोण, एवढंच म्हणतोय.

खरज
निवळण्यावरून आठवलं. फझच्या आधी ट्यूनर किंवा कोणताही बफर (सिग्नल तसाच पण जोरकस करून पुढे देणारं सर्किट) असलेला पेडल नको. फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स काही किलोओहमच असतो, तो गिटारच्या पिकअपला थेट ओढतो. पिकअपचं इंडक्टन्स आणि गिटारचा व्हॉल्यूम पॉट हे दोन्ही त्या सर्किटचे भाग होतात. मधे बफर आला की ते नातं तुटतं: आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम फिरवून काही फरक पडत नाही. बफर टाळणं शक्यच नसेल, वायरलेस वगैरे असेल, तर फझच्या इनपुटला मालिकेत २० ते ५० किलोओहमचा पॉट घाला. पूर्ण नातं परत येत नाही, पण कर्कशपणा जातो.
बिग मफला हे लागू नाही, त्याचा इनपुट इम्पिडन्स जास्त, आधी बफर आला तरी त्याला चालतो.

सहातारा
ट्यूनर पहिलाच होता. मागे टाकला. प्लेक्सीवर सिलिकॉन आणि डिलक्सवर जर्मेनियम याबद्दल कोणी बोललंच नाही. डिलक्सवर जर्मेनियम लावला की आवाज वाढण्याऐवजी कमी झाल्यासारखा का वाटतो?

साडेचारव्होल्ट
मूळ फझ फेसचा आउटपुट थेट कलेक्टरवरून घेतलेला नाही. ४७० ओहम आणि ८.२ किलोओहम यांच्या सांध्यावरून घेतलेला आहे. ९ व्होल्टची पूर्ण झेप धरली तरी बाहेर अर्धा व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत. सिंगल कॉइल जोरात छेडली तर ती स्वतःच जवळपास तेवढं देते. प्लेक्सी आधीच फुटायच्या बेतात असतो, त्याला हे पुरतं. डिलक्ससारख्या स्वच्छ अ‍ॅम्पला हा अर्धा व्होल्ट ढकलत नाही, नुसता फझचा कच्चा आवाज मोठा करून ऐकवतो.
४७० च्या जागी १ किलोओहम घाला. आउटपुट जवळपास दुप्पट होतो. त्यानंतर बायस पुन्हा तपासा, थोडा हलतो.

डागवाला
आणि डिलक्सच्या व्हायब्रेटो चॅनेलवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर कायमचा बसवलेला असतो, स्विच नाही. नॉर्मल चॅनेलवर तो नाही. फझसाठी नॉर्मल चॅनेल. रिव्हर्ब सोडावा लागेल, पण सिलिकॉन फझसोबत तो तसाही चिखल करतो.

शेंगाचटणी
प्लेक्सीवर सिलिकॉन: लीड सर्किटांच्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये पहिल्या चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ५००० पिकोफॅरडचा मोठा ब्राइट कपॅसिटर असतो. व्हॉल्यूम ३-४ वर असेल तर तो सगळा तीक्ष्णपणा आत ओततो. सिलिकॉन तिथे लावला तर कान जातात. फझ दुसऱ्या चॅनेलमध्ये लावा, तो ५ ते ६ वर. मग छोट्या पॅच कॉर्डने दोन्ही चॅनेल जोडा आणि पहिला चॅनेल १ पासून हळूहळू चढवा. २ च्या पुढे बहुधा लागत नाही. हे आता आकड्यानिशी सांगतोय, घरी करून बघा.

विजापूरवेस
हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) असेल तर?

खरज
फझचा नॉब पूर्ण न ठेवता थोडा मागे. आणि बेसचं गढूळपण इनपुटलाच काढा, मूळ २.२ मायक्रोफॅरडच्या जागी ०.२२. फुटल्यानंतर बेस कापून तो स्वच्छपणा मिळत नाही, फुटायच्या आधी कापावा लागतो.

लालकॅथोड
हे वाक्य अ‍ॅम्पलाही लागू पडतं. ट्वीड डिलक्सच्या ५ई३ सर्किटमध्ये कपलिंग कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत आणि पॉवर ट्यूबच्या ग्रिडवर २२० किलोओहम. मोठा सिग्नल आला की ग्रिड करंट ओढते, कपॅसिटर भरतो आणि रिकामा व्हायला २२ मिलिसेकंदांच्या हिशेबाने वेळ घेतो. तोवर ट्यूब अर्धवट बंद. जाड तारेवर फझ वाजवला की जो "भक्" असा गुदमरलेला आवाज येतो, तो हा. अशा अ‍ॅम्पसाठी फझचा आउटपुट कपॅसिटर ०.०१ चा ०.००४७ करा. ५०० किलोओहमचा पॉट आणि अ‍ॅम्पचा १ मेगओहम मिळून कापणी ४८ वरून १०० हर्ट्झच्या वर येते. अ‍ॅम्पमध्ये हात घालण्यापेक्षा हे बरं. आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. ज्याला ते डिस्चार्ज करायची रीत माहीत नाही त्याने झाकण उघडू नये.

मधलापट्टा
लाइन व्होल्टेजबद्दल कोणीच बोललं नाही. संध्याकाळी लाइन २३० ऐवजी २०० वर आली तर ६.३ चा हीटर साडेपाचवर येतो आणि प्लेटचे व्होल्टही त्याच प्रमाणात पडतात. अ‍ॅम्प लवकर फुटतो, फझ लावल्यावर दबतो, आणि माणूस बिचाऱ्या पेडलला दोष देतो. वाजवताना प्लगचा व्होल्टेज मीटरवर बघून ठेवा. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर सर्व्हो घ्या, रिलेवाला नको. रिले बदलताना होणारा "टक्" फझमधून फटाक्यासारखा ऐकू येतो.

डागवाला
यंत्रमागाच्या जवळपास ज्यांची खोली आहे त्यांच्यासाठीही: मोटरची घरघर सिंगल कॉइलमधून शिरते, फझ तिला शंभरपट करतो. गिटारचं पोट कॉपर टेपने मढवा आणि टेप ग्राउंडला जोडा. त्याने कर्कश भाग कमी होतो, पण मोटरचा चुंबकीय गुणगुणाट टेप अडवत नाही, त्यासाठी गिटार फिरवून शांत दिशा शोधायची. सिलिकॉन फझमध्ये रेडिओ ऐकू येत असेल तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरड, पाय शक्य तितके आखूड.

सहातारा
चार दिवस सगळं करून बघितलं. मंडळींचं ऋण आहे, नोंद देतो.
रेडिओच्या जुन्या बोर्डांवरून नऊ एसी१२८ काढले, डागवाल्यांच्या पद्धतीने मोजले. एक सापडला: बेस मोकळा असताना ०.०७ व्होल्ट, म्हणजे २८ मायक्रोअँपिअर. तो पहिल्या जागी, आधीचा दुसऱ्या जागी. ८.२ च्या जागी २५ किलोओहमचा ट्रिमर, ४७० च्या जागी १ किलोओहम. दुपारी ४० अंशाला ४.६ वर बसवला. पहाटे २९ ला ३.६. दोन्ही वेळा स्वर शेवटपर्यंत उतरतो, तुटत नाही.
जोड्या: जर्मेनियम प्लेक्सीच्या दुसऱ्या चॅनेलवर, हा पक्का. सिलिकॉन डिलक्सच्या नॉर्मलवर, ट्रेबल ३, बेस २. मफ ईएल८४ वर मूळ कपॅसिटरसह, डिलक्सवर टॉगल ०.०१ कडे. आता नऊपैकी सहा चालतात. प्लेक्सीवर मफ अजून जमत नाही, दोघं मिळून भिंत उभी करतात, स्वर वेगळे ऐकू येत नाहीत.

साडेचारव्होल्ट
३.६ ते ४.६ म्हणजे उत्तम. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि संक्रांतीला एकदा पुन्हा मोजा. ट्रिमरच्या नॉबवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

शेंगाचटणी
प्लेक्सीवर मफ: अ‍ॅम्पच्या खालच्या, म्हणजे लो इनपुटमध्ये लावा. तिथे ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिग्नल निम्मा करतात, ६ डेसिबल कमी. मफचा सस्टेन ४, अ‍ॅम्पचा बेस २, आणि मफचा व्हॉल्यूम फझ बंद असतानाच्या आवाजाएवढाच. मफमध्ये डायोडचे दोन टप्पे आधीच फोडतात, तिसऱ्यांदा अ‍ॅम्पने फोडायला नको.

सहातारा
लो इनपुट, सस्टेन ४, बेस २. आत्ताच केलं. कॉर्डमधले सगळे स्वर वेगळे ऐकू येतायत. सातवी जोडी झाली.